जावयाचं बेअरिंग

माझ्या जावयाने लोखंडाला हात न लावता ते किती तापेल हे काढलं होतं. नागपूरला थंडगार खोलीत बसून, चपला बाहेर काढून. ते लोखंड मात्र सौंसरला होतं, कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या ज्या रेच्यावर मी काम करत होते त्याच्या मागेच, आणि रोज तापत होतं. बसमध्ये बसून यायचं, हात लावायचा, चटका बसला की परत जायचं, इतकं सोपं काम. पण सोपं काम केलं तर त्याला मोठी परीक्षा कोण म्हणेल?

मी चौथी शिकलेली बाई. त्या थंडगार खोलीतलं मला काही कळत नाही, आणि कळतं असं सोंगही मी कधी घेतलं नाही. पण त्या लोखंडापायी माझी मुलगी लेकरू घेऊन माझ्या घरी अडकून पडली होती, म्हणून मला त्यात लक्ष घालावं लागलं. नाहीतर एका बेअरिंगशी माझं काय वैर असणार?

तेव्हा सौंसरला टीव्ही नुकताच आला होता, तोही मोजक्या घरांत. कॉम्प्युटर हा शब्द आम्ही फक्त जावयाच्या तोंडून ऐकत होतो. नवरा गेल्यावर मी जिनात लागले. मुलीला दहावीपर्यंत शिकवलं आणि पांढुर्ण्याला दिली. मुलगा इंजिनिअर, नागपूरच्या कॉलेजात शिकवायला, पण कच्च्या नोकरीवर. वस्तीतल्या लोकांनी तेव्हा माझं फार कौतुक केलं. इंजिनिअर जावई! मीही छाती पुढे काढून फिरले. इंजिनिअर माणूस बायकोला ठेवतो कुठे, हे मात्र कोणी विचारलं नाही.

पांढुर्ण्याच्या घरी दोन खोल्या. त्यांत सासू, मोठा दीर, जाऊ आणि त्यांची पोरं. नागपूरला हा दोन बिनलग्नाच्या मित्रांसोबत एका खोलीत. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली. बाळंतपण झालं. पोरीला दात आले. पोरगी रांगली, उभी राहिली, चुलीतली राख खाऊ लागली. आई अजून माझ्याच घरी. जावई यायचा, पोरीच्या हातात बिस्किटाचा पुडा द्यायचा आणि म्हणायचा, "थिसिस झाला की नोकरी पक्की. नोकरी पक्की झाली की क्वार्टर. क्वार्टर भेटलं की घेऊन जातो."

थिसिस, क्वार्टर, थिसिस, क्वार्टर. नळावरच्या बायकांनाही हे शब्द पाठ झाले. "काय व, अजून थिसिसच होऊन राहिला काय?" असं विचारून त्या एकमेकींकडे बघायच्या. नांदायला न गेलेली मुलगी घरात असली की आईच्या अंगणात लोकांचे डोळे फार येतात.  मुलगी माझ्याच घरात पाहुण्यासारखी राहायची. ताट घेताना आधी माझ्याकडे बघायची. ते मला लोकांच्या बोलण्यापेक्षा जास्त टोचायचं.

एकदा मी जावयालाच विचारलं, हे थिसिस म्हणजे आहे तरी काय. तो खूश झाला. शिकलेल्या माणसाला असं विचारलं की दूध उतू जावं तसं होतं. त्याने मोठा कागद पसरला. दोन्ही कडांना भोकं पाडलेला, आकड्यांनी भरलेला.

"मामी, हे बेअरिंग म्हणजे एक मोहल्ला समजा. कागदावर त्याचे बारीक बारीक चौकोन पाडायचे. दांडा फिरला की घर्षणाने आतल्या चौकोनाला उष्णता भेटते. तो शेजारच्याला देतो, तो पुढच्याला देतो. शेवटचा हवेला देतो. कोणी कोणाला किती दिली ते कॉम्प्युटर मोजतो. पुन्हा पुन्हा मोजतो, आकडा बदलायचा थांबेपर्यंत."

"म्हणजे नळावरच्या बायका करते तेच," मी म्हटलं.

"बरोब्बर!" तो म्हणाला. त्याला टोमणा कळायचा नाही. हा त्याचा एकच मोठा गुण.

"मंग काय निघालं?"

"चोपन्न अंश. बाहेरून चोपन्न अंश तापेल, त्यापुढे नाही."

"आता खरं किती तापते?"

"तेच तर मोजायचं राहिलं," तो म्हणाला. जणू काही मीठ घालायचं राहिलं असावं, अशा सुरात.

आमचा जिन साधा होता. दोन रांगांत रेचे. रेच्यावर आम्ही बायका कापूस लावायचो, समोरून रुई पडायची, खालून सरकी. रेच्यांच्या मागून जमिनीलगत एक लांब दांडा फिरायचा आणि त्यावरच्या पट्ट्यांनी सगळे रेचे चालायचे. तो दांडा जागोजागी लोखंडी डोक्यांतून जायचा. त्या डोक्यांच्या पोटात बेअरिंग. तेच जावयाने कागदावर चौकोन चौकोन करून ठेवलं होतं. आता त्याला एका खऱ्या बेअरिंगवर थर्मामीटर लावून बघायचा होता. नागपूरला कारखाने कमी नाहीत. पण तिथे याला कोण आत घेणार? सासुरवाडीच्या गावात जावयाला कोणी नाही म्हणत नाही, एवढं गणित त्याला कॉम्प्युटरशिवायही येत होतं.

आमच्याकडे जावई एका घराचा नसतो, सगळ्या गावाचा असतो. त्याच्यासोबत पत्ते खेळायला बसले की हातातला एक्का दाबून ठेवतात आणि त्याला जिंकू देतात. त्याने म्हटलं मोहगावची बस आज लवकर येणार, तर म्हणायचं, येणारच. मग बस उशिरा आली तर बसचं चुकलं. मला हा प्रकार कधी पटला नाही. पण मला काय पटतं हे कोणी विचारत नव्हतं, आणि मीही जावयाला पोळ्या वाढताना तोंड मिटूनच वाढत होते.

जिनाच्या मालकाने, शेटने, लगेच हो म्हटलं. ऑफिसातली खुर्ची आणून बेअरिंगजवळ ठेवली, तिच्यावर टॉवेल टाकला. जावई कॉलेजातून सुटी घेऊन आला. तो जिनात खुर्चीवर आणि सासू समोर पदर खोचून रेच्यावर, हे बरं दिसत नाही असं सगळ्यांनी ठरवलं. मला कोणी विचारलं नाही. तेवढे दिवस मी घरी राहिले आणि स्वयंपाक केला.

थर्मामीटर लोखंडाला चिकटवायला काहीतरी पाहिजे होतं. माझ्या मुलीने कणीक भिजवून दिली. पहिल्या दिवशीची कणीक उंदरांनी खाल्ली आणि थर्मामीटर सकाळी खाली लोंबकळत सापडला. फुटला नाही हे नशीब. दुसऱ्या दिवशी कणकेत तंबाखू मळून दिला, मग उंदीर फिरकले नाहीत. इतका पैसा सरकार कॉलेजावर घालते आणि काम शेवटी माझ्या परातीतल्या कणकेवर येऊन थांबलं.

जावयाने आणखी एक गोष्ट केली. काचेच्या नळीवर जिथे चोपन्न लिहिलेलं असतं तिथे लाल दोरा बांधला, आणि जिनातल्या मशिनी सांभाळणाऱ्या मिस्त्रीला आणि सगळ्या बायकांना बोलावून समजावलं. "पारा इथपर्यंत आला पाहिजे. आला की माझं गणित बरोबर." शिकवायची सवय. वर्ग दिसला की तोंड उघडायचं. आपण काय बोलून बसलो हे त्याला कळलं नाही. आमच्या गावात जावयाने म्हटलं इथपर्यंत आलं पाहिजे, म्हणजे ते यायलाच पाहिजे.

घरी तो रोज दुपारी खूश होऊन जेवायला यायचा. "मामी, पहिल्या दिवशी त्रेपन्न. दुसऱ्या दिवशी चोपन्न. आजही चोपन्न!" मी विचारलं, दिवसभर तिथे बसता काय? तर म्हणे रुई फार उडते, खोकला येतो, म्हणून ऑफिसात बसतो आणि मधून मधून जाऊन आकडा बघतो. म्हणजे खुर्चीवर रुईच बसली होती. मी म्हटलं, बरं. चोपन्न म्हणजे क्वार्टर. मला आणखी काय पाहिजे होतं?

जाताना त्याने पेढे आणले. मुलीला म्हणाला, उन्हाळ्याच्या आत क्वार्टर. त्या दिवशी मुलीने ताट घेताना माझ्याकडे बघितलं नाही.

तो गेल्यावर मी कामावर जायच्या आधीच शेजारच्या रेच्यावरची बाई घरी आली. पोरीला मांडीवर घेतलं, घरभर नजर फिरवली आणि म्हणाली, "काय व, पेढे एकटीच खाऊन राहिली काय? तुह्या जावयाचा पारा आमी सांभाळला, अन् आमाले एक पेढा नाई?"

"कोणता पारा?"

"कोणता म्हणते! तो काचेतला. पहिल्याच दिवशी दोऱ्याच्या वर चढून राहिला होता लेकाचा. मिस्त्री म्हणे, बाईच्या जावयाचं खोटं पडते. पोतं भिजोलं अन् टाकलं बेअरिंगवर. पारा उतरला खाली. फार उतरला त मंग पोतं काढलं. जावईबापू येतानी दिसले का आमी पुसून कोरडं करो. मिस्त्रीचा हात असा बसला होता बाप्पा, भाताले पानी घालते तसा!"

"अन् त्याले काही समजलं नाई?"

"त्याले कसं समजन? आला, खोकलला, आकडा पाह्यला, गेला."

मी तिला पेढा दिला. दुसरं काय करणार होते? त्यांनी चांगल्या मनानेच केलं होतं. मी मूर्ख माणसं खूप बघितली आहेत, पण चांगल्या मनाने मूर्खपणा करणाऱ्यांना बोलताही येत नाही. आणि माझा तो इंजिनिअर! लोखंडाच्या आतली उष्णता याला नागपूरहून दिसते, आणि समोर टाकलेलं ओलं पोतं दिसत नाही.

मुलगी चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं. बाई गेल्यावर मी तिला म्हटलं, "गप राह्य. कागद जाऊ दे आत. क्वार्टर भेटू दे. मंग सांगजो त्याले म्हातारपणी."

"अन् गाईडसाहेब येऊन राहिले ते?" ती म्हणाली.

हे मी विसरलेच होते. जावयाच्या वरचे एक साहेब, ज्यांच्या सहीवर थिसिस पास व्हायचा, ते पुढच्या आठवड्यात सौंसरला येऊन स्वतः बेअरिंग बघणार होते.

"येऊ दे. त्याच्याबी टायमाले पोतं टाकतीन बाया."

"साहेब खुर्ची सोडून उठलाच नाई त? पारा चढला त्याच्यासमोर दोऱ्याच्या वर? मंग याइले चोर म्हणन. थिसिस बी जाईन, अन् नोकरी बी जाईन."

 मुलीचं म्हणणं होतं की साहेब यायच्या आधी नवऱ्याला सांगायचं. माझं म्हणणं होतं की साहेबाला ऑफिसात नाश्त्यात गुंतवायचं. संत्री द्यायची, पोहे द्यायचे, तर्री द्यायची. तिखट तर्रीपुढे कोणी पारा बघत नाही. आम्ही दोघी त्यावर चांगल्याच भांडलो. पोरगी मधे बसून हातावर हात मारत होती.

साहेब यायच्या आदल्या दिवशी जावई आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात नवी फाईल. मी भाकर वाढत होते. मुलगी पाण्याचा तांब्या ठेवून सरळ म्हणाली, "तुमचे आकडे खोटे हायेत. बेअरिंगवर ओलं पोतं टाकत होते."

तो हसला. "कोणी सांगितलं? रोज सारखे आकडे आले. मोजण्यात चूक असती तर आकडे वर-खाली झाले असते."

"सारखेच आले म्हूनच सांगून राहिली. आमच्या इथं पानी मारणाऱ्या बाया सारख्याच होत्या."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी भाकर वाढली. "मामी?"

"मी तिथी नव्हती," मी म्हटलं. "तुमाले बरं दिसत नव्हतं म्हून मले घरी बसोलं होतं."

त्याने जेवण टाकलं नाही, हे मात्र सांगते. पूर्ण जेवला. मग म्हणाला, उद्या सकाळी बघू.

सकाळी आम्ही तिघं जिनात गेलो. मुलीच्या कडेवर पोरगी. रेचे सुरू होऊन बराच वेळ झाला होता. थर्मामीटर बायकांनी परत चिकटवला, नव्या कणकेने. जावई खुर्चीवरची रुई झटकून बसला. थोड्या वेळात पारा दोऱ्यापाशी आला. समोरच्या रेच्यावरच्या दोघी लगबगीने उठल्या. एकीने बालटी उचलली, दुसरीने पोतं. जावई तिथे बसलेला आहे हेही त्यांना दिसलं नाही. हाताला सवय लागली की डोळे कशाला लागतात? माझी मुलगी उठून मधे उभी राहिली.

"ठेवा ते खाली," ती म्हणाली.

"व, चढून राहिला ना पारा!"

"चढू द्या."

पारा चढला. दोऱ्याच्या वर गेला. साठ. सत्तर. जावई खोकत होता, पण उठला नाही. ऐंशीच्याही वर जाऊन तो एकदाचा थांबला. जावयाने बेअरिंगच्या डोक्याला बोट लावलं आणि झटकन तोंडात घातलं. इतक्या वर्षांच्या शिक्षणात त्याने त्या लोखंडाला पहिल्यांदा हात लावला होता.

मिस्त्री आला. मोठ्या मिशांचा, गंभीर माणूस, सगळ्या जिनात त्याचा दरारा. जावई त्याला म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही हे काहून केलं? मी तुम्हाला आकडा सांगितला तो तपासायला."

"तुमी म्हणे इथपर्यंत आला पायजे."

"अहो, आला पाहिजे म्हणजे आणा असं नाही!"

"आता जावईबापू, तुमी गावाचे जावई. तुमचं खोटं आमी पाडाचं? पत्त्यात तरी पाडतो काय?"

 आपण सासुरवाडीला कधीच पत्त्यांत हरलो नाही, हे बहुतेक जावयाला तेव्हा आठवलं असावं. चेहरा तरी तसाच झाला होता.

"पत्त्यातही?" त्याने हळूच विचारलं.

मिस्त्रीने मिशीवरून हात फिरवला आणि पट्टा बघायला निघून गेला.

आता साहेबांची वाट. जावई घामाघूम. साहेबांना काय सांगायचं, कसं सांगायचं, मनात जुळवत होता. आणि मग शेटचा माणूस ऑफिसातून आला. नागपूरहून फोन होता. साहेबांचं पोट बिघडलं, ते येत नाहीत. त्यांनी सांगितलं आहे की आकडे जुळलेले आहेत तर यायची गरजच काय, थिसिस टाईप करायला द्या.

मी मुलीकडे वळले. "पाह्य! अर्धा दिवस तोंड मिटलं असतं त क्वार्टरात असती. मी काय सांगत होती तुले?"

तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.  जावई बेअरिंगकडे बघत होता. आता सगळं त्याच्या हातात होतं. साहेब येणार नव्हते. चोपन्नचा कागद फाईलमध्ये तयार होता. जिनातल्या बायका तर त्याच्यासाठी अजूनही बालटी धरून उभ्या होत्या. मी त्याच्याजवळ गेले आणि स्पष्ट सांगितलं, "टाईप करून टाका. लोखंड काही तुमच्या नावानं बोंबलत येनार नाई."

"मामी, पण हे असं काहून झालं?" तो म्हणाला.

"काय काहून?"

"इतका फरक काहून?"

पुढे लोकांनी, आणि त्याच्या आईने तर सगळ्या पांढुर्ण्यात, असं सांगितलं की माझा मुलगा किती प्रामाणिक, हातातली नोकरी धोक्यात घातली पण खोटा आकडा लिहिला नाही. मी तिथे उभी होते. तो प्रामाणिकपणा नव्हता, खाज होती. खरूज झालेला माणूस लग्नाच्या पंगतीतही खाजवतो, तसा तो सगळ्यांसमोर, इस्त्रीच्या शर्टात, त्या तेलकट डोक्यापुढे उकिडवा बसला आणि पेनाच्या टोकाने ते खरवडू लागला.

वर रुई. तेलात भिजलेली, बसून बसून गोधडीसारखी झालेली. रुईच्या खाली शेंदूर. जिनात दरवर्षी दसऱ्याला मशिनीची पूजा होते, तेव्हा बेअरिंगच्या डोक्याला शेंदूर आणि तेल फासतात. आधीच्या वर्षीचा कोणी काढत नाही. देव कोण खरवडतो? शेंदरावर रुई, रुईवर पुन्हा शेंदूर. जावयाने भाकरीच्या पापुद्र्यासारखा एक थर उचलला आणि त्याचं तोंड उजळलं.

"मामी, मी कागदावर नुसतं लोखंड घेतलं होतं. लोखंडाच्या बाहेर लगेच हवा. हे तर पांघरूण घेऊन बसलं आहे! शेवटच्या चौकोनातून उष्णता बाहेर कशी जाणार?"

त्याने तो थर कागदात बांधून फाईलमध्ये ठेवला. आम्ही बौद्ध माणसं. माझ्या सासऱ्याने शेंदूर घराबाहेर काढला तेव्हा अर्ध्या गावाशी वैर घेतलं होतं. आणि माझा इंजिनिअर जावई शेंदूर फाईलमध्ये घालून नागपूरला निघाला होता.

"मंग आता थिसिस कवा होईन?" मुलीने विचारलं.

"सांगता येत नाही. पुन्हा सगळं मांडावं लागेल. शेंदरातून उष्णता किती जाते ते कोणत्याच पुस्तकात नसेल. ते आधी काढावं लागेल. मग साहेबांना सांगावं लागेल. ते चिडतील."

"म्हंजे मी आता शेंदरावर थांबू?"

त्याने वर बघितलं. त्या मशिनीच्या आवाजातही तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. बायकांचे हात थांबले.

"आधी बाळंतपणावर थांबली. मंग थिसिसवर. मंग क्वार्टरवर. आता शेंदूर. तुमाले जे लिहाचं ते लिहा. चोपन्न लिहा नाईतर ऐंशी लिहा. मी आज दुपारच्या बसनं तुमच्यासंग येऊन राहिली."

"अगं, पण खोलीत दोन जण आहेत."

"त्याइले सांगा दुसरी खोली पाहाले. त्याइले कोणी पोरगी नाई, कुठंबी राहतीन."

जावयाने माझ्याकडे बघितलं. मी तिला समजवावं अशी त्याची इच्छा होती. मी वेगळ्याच विचारात होते. जे इतके महिने माझ्या डोक्यात आलं नव्हतं ते तिने एका दमात बोलून टाकलं होतं. क्वार्टर पाहिजे, क्वार्टर पाहिजे असं आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो, जसं नागपुरात क्वार्टराशिवाय कोणी बायको ठेवतच नाही. अर्धं नागपूर एका खोलीत राहते. पण इंजिनिअर जावयाने एका खोलीत राहणं त्याच्या आईला कमीपणाचं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर गावालाही.

"मी पेटी भरते," मी म्हटलं.

भरायला होतं तरी काय? लुगडी, पोरीच्या दोन गोधड्या, वातीचा स्टोव्ह, थोडं तिखट, तुरीची डाळ. थर्मामीटर जावयाने पोरीच्या गोधडीत गुंडाळला, फुटू नये म्हणून. मिस्त्री बसस्टँडवर संत्र्यांची पिशवी घेऊन आला. जावयाला द्यायची की नाही, त्याला काही ठरवता येईना. शेवटी त्याने ती पोरीच्या पायाशी ठेवली. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, अशी अचानक काय पाठवणी करतं व, ना ओटी ना काही. मी म्हटलं, ओटी भरली तेव्हा काय झालं ते पाहूनच राहिल्या ना तुमी.

रडारड झाली नाही. बस भरलेली होती. मुलगी जागेसाठी एका माणसाशी भांडत होती, तेवढ्यात बस निघाली.

थिसिस व्हायला पुष्कळ दिवस लागले. साहेब चिडले, मग शांत झाले, आणि मग त्यावर जो लेख छापून आला त्यात आपलं नाव वर आणि जावयाचं खाली लिहिलं. चांगलं शिकलेले लोक असं करतात म्हणे, त्याला चोरी म्हणत नाहीत. नोकरी पक्की झाली. क्वार्टर मिळालं तेव्हा नात शाळेत जात होती.

पण त्याआधी, पावसाळ्यात, मी एकदा त्यांच्या खोलीवर गेले होते. दुसऱ्या मजल्यावर, लोखंडी जिना, नळ खाली. खोली एवढी की उभं राहून चारही भिंतींना काहीतरी टांगता यावं. जावयाचे ते भोकं पाडलेले कागद मुलीने फळीवर अंथरले होते, त्यांवर डबे. एका कागदावर नातीने कोळशाने रेघा ओढल्या होत्या. जावयाने एक नवा कागद डब्याखालून ओढून मला दाखवला.

"मामी, शेंदूर आणि रुई धरली तर आता सत्त्याहत्तर येते. खरा आकडा थोडा वर आहे. थोडा फरक राहिलाच."

"राहू द्या," मी म्हटलं. "बेअरिंग गरम होते एवढं त समजलं ना?"

"तसं नाही मामी," तो म्हणाला आणि पुन्हा चौकोन समजावू लागला. मी ऐकल्यासारखं केलं. मुलगी कोपऱ्यात स्टोव्हवर भाजी परतत होती. तिने मला ताट दिलं, किती पाहिजे ते न विचारता भात वाढला, आणि मी जेवत असतानाच म्हणाली, "माय, आज जाशीन ना? याइचे दोघं दोस्त जेवाले येऊन राहिले. झोपाले जागा नाई."

"जातो व, कोण राह्यते तुह्या खोलीत," मी म्हटलं, हात धुतला आणि पिशवी उचलली. जिना उतरत होते तर वर ती जावयाला बोलत होती. ओली छत्री कागदांवर ठेवली होती त्याने. तिचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. खाली नळावर एक बाई बालटी भरत होती, ती वर बघून हसली. मी तिला बसस्टँडची वाट विचारली आणि निघाले.